निर्यात आणि देशाची दीर्घकालीन वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवताना हे प्रश्न वर्गात येतात, स्टाफरूममध्ये येतात आणि गावाकडे द्राक्ष बागायतदारांच्या गप्पांत तर हमखास येतात. दरवेळी तेच उत्तर नव्याने देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं.

निर्यात वाढली की देश श्रीमंत होतो, हे खरं का?

बऱ्याचदा खरं, नेहमी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर एका पिढीत गरिबीतून वर आलेले देश पाहा: दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर, हाँगकाँग, नंतर चीन. सगळ्यांची निर्यात झपाट्याने वाढली. उलट बाजूला, जहाजंच्या जहाजं भरून माल बाहेर गेला आणि लोक होते तिथेच राहिले, अशी उदाहरणंही थोडीथोडकी नाहीत. त्यातलं एक आपल्याच घरचं आहे, त्याबद्दल पुढे.

म्हणून निर्यातीचा आकडा ऐकला की मी विद्यार्थ्यांना एक उपप्रश्न विचारायला सांगते: हा माल विकता विकता आपल्या माणसांना काल न येणारं काय यायला लागलं?

जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या, सूत्रात निर्यात असतेच. मग संबंध वेगळा कशाला शोधायचा?

इथे बरीच गल्लत होते. सूत्रात निर्यात मिळवतात आणि आयात वजा करतात. समजा सुरतेच्या कारखानदाराने ८० रुपयांचा कच्चा हिरा बाहेरून आणला, पैलू पाडले आणि १०० रुपयांना बाहेर पाठवला. निर्यातीच्या रकान्यात १०० दिसतात, पण देशाच्या उत्पन्नात भर पडली २० ची. फोन जोडणी, तेल शुद्धीकरण, सगळीकडे हाच हिशेब. त्यामुळे ‘निर्यात इतक्या अब्जांवर’ या मथळ्याने हुरळून जायचं कारण नाही.

शिवाय सूत्र एका वर्षापुरतं असतं. दीर्घकालीन वाढ म्हणजे तोच माणूस तेवढ्याच तासांत वीस वर्षांनी किती जास्त मोलाचं काम करतो. निर्यात त्याला तिथे नेते का, हा खरा प्रश्न, आणि बेरीज-वजाबाकीच्या सूत्रात त्याचं उत्तर सापडत नाही.

कोंबडी आधी की अंडं? निर्यातीमुळे वाढ होते की वाढ झालेला देश निर्यात करतो?

दोन्ही होतं, आणि त्यामुळेच अर्थशास्त्रज्ञांचा या प्रश्नावर इतका घाम निघाला. जो कारखाना आधीच तरबेज असतो तोच परदेशात माल विकायला धजतो. मग ‘निर्यातदार कंपन्या जास्त उत्पादक असतात’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. पहिलवान तालमीत दिसतात म्हणून तालमीनेच त्यांना पहिलवान केलं, असं छातीठोकपणे कसं म्हणणार? तालमीत गेलेच मुळात दणकट होते ते.

या पेचातून बाहेर पडायला दोन फार सुंदर प्रयोग झाले. एक इतिहासाने केला, एक माणसांनी.

जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि अंतर सुमारे साडेचार हजार सागरी मैलांनी वाढलं. काही देशांना मात्र या बंदचा काहीच फटका बसला नाही. कोणाचं अंतर वाढायचं हे त्या देशाच्या धोरणावर, हुशारीवर किंवा श्रीमंतीवर अवलंबून नव्हतं, निव्वळ नकाशावर होतं. जेम्स फेरर या अर्थशास्त्रज्ञाने हे हेरलं. ज्यांचं अंतर वाढलं त्यांचा व्यापार घटला, आणि व्यापाराबरोबर उत्पन्नही घटलं. इथे बाण कोणत्या दिशेने जातो हे स्पष्ट दिसतं: आधी व्यापार, मग उत्पन्न.

दुसरा प्रयोग इजिप्तमधला. नाईलच्या मुखाजवळ फोवा नावाचं गाव आहे, तिथे हातमागावर गालिचे विणतात. डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल आणि ॲडम ऑस्मान यांनी तिथल्या छोट्या विणकरांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून परदेशी ऑर्डरी मिळवून दिल्या, बाकीच्यांना नाही. ज्यांना ऑर्डरी मिळाल्या त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. पण मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. संशोधकांनी नंतर दोन्ही गटांना एकाच नमुन्याचा, देशी बाजारातला साधा गालिचा विणायला सांगितलं. परदेशी ऑर्डरी केलेल्यांचा गालिचा सरस निघाला: कडा सरळ, वीण घट्ट. परदेशी गिऱ्हाइकाने ‘कोपरा वाकडा आहे’ म्हणून परत पाठवलेल्या गालिच्याने त्यांचा हात सुधारला होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचेही ऐकतात.

दक्षिण कोरियाने नेमकं काय केलं?

१९६० च्या आसपास कोरिया युद्धाने पोळलेला, अमेरिकी मदतीवर जगणारा देश होता. १९६१ मध्ये लष्करी उठाव करून पार्क चुंग-ही सत्तेवर आले. अमेरिकेची मदत आटत चालली होती आणि यंत्रं, तेल, धान्य आणायला डॉलर हवे होते. खनिजं नाहीत, शेती तोकडी. मग विकायचं काय? सुरुवातीला जे हाताशी होतं तेच विकलं: प्लायवूड, कापड, आणि चक्क केसांचे टोप. १९७० च्या सुमारास टोप ही त्यांच्या निर्यातीतली एक मोठी बाब होती. ज्या देशाच्या गाड्या आणि मोबाइल आज आपल्या घरोघरी आहेत, त्याने सुरुवात बायकांच्या केसांपासून केली.

१९६४ मध्ये कोरियाने चलनाचं मोठं अवमूल्यन केलं, म्हणजे डॉलरच्या तुलनेत त्याचा भाव मुद्दाम उतरवला, आणि त्याच वर्षी निर्यात १० कोटी डॉलरवर गेली. त्याचा त्यांनी सण केला, ‘निर्यात दिन’ पाळायला सुरुवात केली. तेव्हा भारताची निर्यात याच्या दहापटीहून जास्त होती, हे लक्षात ठेवा. १९७७ मध्ये कोरियाने १,००० कोटी डॉलर गाठले आणि आपल्याला मागे टाकून ते पुढे गेले होते.

यामागची यंत्रणा साधी आणि निष्ठुर होती. दर महिन्याला अध्यक्षांच्या समोर निर्यातीची बैठक. मंत्री, बँकवाले, कारखानदार सगळे एका खोलीत. कोणाचं लक्ष्य किती, झालं किती, अडलं कुठे, तिथल्या तिथे. निर्यात करणाऱ्याला स्वस्त कर्ज, कच्च्या मालावर आयातकर माफ. जो लक्ष्य गाठणार नाही त्याची सवलत बंद. आपल्याकडेही सवलती होत्या, पण त्या द्यायच्या की नाही हे दिल्लीतली फाईल ठरवायची. कोरियात ते परदेशातलं गिऱ्हाईक ठरवायचं. न्यू यॉर्कमधल्या खरेदीदाराला ओळखपाळख, चिठ्ठीचपाटी काही चालत नाही. माल बरा असेल तर घेतो, नाहीतर तैवानचा घेतो.

ह्युंदाईने १९७६ मध्ये आपली ‘पोनी’ परदेशी पाठवायला सुरुवात केली ती इक्वेडोरपासून, अमेरिकेत गाडी उतरवायला १९८६ उजाडलं. मधली दहा वर्षं चुका करण्यात आणि त्या दुरुस्त करण्यात गेली. २०२३ मध्ये याच कंपनीने पुण्याजवळच्या तळेगावातला मोटार कारखाना विकत घ्यायचा करार केला.

एक पुरवणी. डॅनी रॉड्रिक यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की सुरुवातीच्या काळात कोरियाच्या अर्थव्यवस्थेत निर्यातीचा वाटा इतका लहान होता की सगळं श्रेय तिला देता येणार नाही. खरा जोर कारखान्यांतल्या गुंतवणुकीचा होता, निर्यातीने त्या यंत्रांचं बिल भागवलं. मला यात भांडण दिसत नाही. बिल भागलं नसतं तर यंत्रं आली नसती. आणि हेही विसरू नये की त्या चमत्काराखाली हुकूमशाही होती, कामगार संघटना दडपलेल्या होत्या, आणि शिवणयंत्रांवर चौदा-चौदा तास वाकणाऱ्या मुली होत्या.

मग आपण त्याच वेळी ते का केलं नाही?

कारण आपल्या जाणत्या लोकांना निर्यातीवर भरवसाच नव्हता. हे मूर्खपणाचं नव्हतं. १९५० मध्ये राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की कच्चा माल विकणाऱ्या देशांना दिवसेंदिवस त्याच यंत्रासाठी जास्त पोती द्यावी लागतात. चहा, ताग आणि सुती कापड विकणाऱ्या भारताला ते पटलं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत तिचा आराखडा आखणाऱ्या महालनोबिस यांचा भर अवजड उद्योगांवर होता, आणि निर्यात वाढणारच नाही हे जणू गृहीत धरलेलं होतं.

गृहीतक स्वतःला खरं करून दाखवतं. जगाच्या मालनिर्यातीत भारताचा वाटा १९४८ मध्ये २.२ टक्के होता. १९७३ मध्ये तो अर्ध्या टक्क्यावर आला आणि दहा वर्षांनी, १९८३ मध्येही तिथेच होता. जग त्या काळात इतिहासात कधी नव्हे इतका व्यापार करत होतं आणि आपण खिडकीत बसून पाहत होतो. देशात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागत असेल तर ती सुधारायची गरज कारखानदाराला का वाटावी? आमच्या वडिलांच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ब्रिटिश काळात भारताची निर्यात आयातीपेक्षा जास्त होती म्हणतात. मग देश गरीब का राहिला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो पहिल्यांदा तळमळीने विचारला दादाभाई नौरोजींनी. वर्षानुवर्षं माल जास्त बाहेर जातोय, तर तेवढं सोनं-चांदी, तेवढी यंत्रं परत यायला हवीत. ती येत नव्हती. कारण त्या शिल्लकेतून लंडनचा ‘होम चार्जेस’चा खर्च भागत होता: अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जांवरचं व्याज, लष्कराचा खर्च. दुकानातला माल विकला जातोय आणि गल्ला दुसराच कोणी घरी नेतोय, अशा दुकानाची भरभराट होत नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला याचा एक खास अंक आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल राजे झाले, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर वेड लागल्यासारखे चढले. दख्खनच्या शेतकऱ्यालाही सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागला. कापूस लाव, हवे तेवढे घे.

१८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईचे शेअर रद्दी झाले. शेतकऱ्याच्या अंगावर कर्ज राहिलं, वर सरकारने सारा वाढवला. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे बाहेर काढून जाळले. तो वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. पाठ्यपुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ हा एक धडा असतो आणि ‘निर्यात’ हा दुसऱ्या विषयाच्या पुस्तकातला दुसरा धडा. खरं तर ती एकच गोष्ट आहे.

त्या चार वर्षांत शेतकरी नवीन काय शिकला? जवळजवळ काहीच नाही. तोच कापूस, तेच औत, फक्त भाव जास्त. याच मुंबईत दुसरं काही घडत होतं ते पाहा: कावसजी दावरांनी १८५४ मध्ये सूतगिरणी काढायला घेतली, पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि मुंबईचं सूत चीनला जाऊ लागलं. त्या निर्यातीतून जॉबर (गिरणीतले मुकादम), फिटर, मेकॅनिक तयार झाले, गिरणगाव उभं राहिलं. कच्च्या कापसाच्या तेजीतून कर्जाची खतपत्रं तेवढी उरली.

म्हणजे काय विकतो यावर सगळं अवलंबून आहे?

सगळं नाही, बरंचसं. गोव्याकडे पाहा. पन्नासच्या दशकापासून तिथलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं. २००० नंतर चीनची भूक इतकी वाढली की एरवी टाकून दिलेली हलक्या प्रतीची मातीही विकली जाऊ लागली. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ज्याला त्याला ट्रक घ्यायचा होता. घरटी ट्रक, तोही कर्जावर. मांडवी-झुवारीतून बार्जेस रांगेने मुरगावला जायच्या, लाल धुळीने झाडं ओळखू यायची नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामावरून सगळं थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं काम परत बंद पडलं. अंगणातले ट्रक तसेच गंजत राहिले, हप्ते तेवढे चालू. दख्खनच्या कापसाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आता बांगलादेश. १९७९ च्या सुमारास ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने १३० माणसं कोरियात बुसानला देवू या कोरियन कंपनीच्या कारखान्यात सहा महिने शिकायला पाठवली. ती परत आली, शर्ट शिवू लागली, आणि काही वर्षांत त्यातली ११५ नोकरी सोडून गेली. मालकाच्या दृष्टीने डोक्याला हात लावायची वेळ. देशाच्या दृष्टीने मात्र याहून चांगलं काही झालं नसतं, कारण त्यातल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज बांगलादेशच्या मालनिर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. खाणीतून माती काढणाऱ्याच्या हाताला कसब चिकटत नाही, शर्ट शिवणाऱ्याच्या हाताला चिकटतं आणि ते दुसऱ्या कारखान्यात बरोबर घेऊन जाता येतं.

खनिज असूनही सावरलेले देश आहेत. बोट्सवानाने हिऱ्यांचा पैसा बऱ्यापैकी शहाणपणाने वापरला. पण तिथे तारलं ते राज्यकारभाराने.

शेतमालाच्या निर्यातीतून असं काही शिकायला मिळतं का? की शेती म्हणजे कच्चा मालच?

मी जिथे राहते तिथे हे डोळ्यांनी दिसतं. निफाड-दिंडोरीकडच्या निर्यातक्षम बागेत माणूस ऑक्टोबर छाटणीपासून वही घेऊन बसतो: कोणती फवारणी, किती तारखेला, किती मात्रा, काढणीच्या आधी किती दिवस. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रत्येक प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत. विरळणी करताना बायका कात्रीने घडातला मणी न् मणी मोकळा करतात. युरोपला जाणारा मणी ठरावीक मिलिमीटरचा लागतो, गोडी ठरावीक ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप). पॅकहाऊसमध्ये डोक्याला जाळी, हातात मोजे, घड उचलायचा तो देठाने, कारण बोट लागलं की मण्यावरची पांढरी लव पुसली जाते आणि खरेदीदार ‘शिळा’ म्हणतो. मग प्री-कूलिंग, पेटीत गंधकाचा कागद, आणि शून्य अंशाच्या आसपासचा कंटेनर न्हावा शेव्याला.

हे एका दिवसात आलं नाही, ठेच लागून आलं. २०१० मध्ये लिहोसिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि कित्येकांचं वर्ष बुडालं. तोवर तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. ‘अपेडा’ने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २००६ मध्ये सुरू केलेली ग्रेपनेट ही प्लॉटपासून पेटीपर्यंतच्या नोंदींची व्यवस्था त्यानंतर आणखी कडक झाली. आज हॉलंडमधल्या दुकानातल्या डब्यावरचा क्रमांक घेऊन आमच्या गावातल्या गटनंबरापर्यंत पोहोचता येतं.

देशात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी बाहेर जाणारा हिस्सा लहानच आहे. पण त्याच्यासाठी शिकलेली छाटणी, विरळणी, नोंदवही शेजारच्या, कधीच निर्यात न करणाऱ्या बागेतही पोहोचली. फोवाच्या गालिच्यांचीच ही गोष्ट, इथे मांडवावर चढलेली.

मग कांद्याची निर्यातबंदी?

इथे माझा तोल जातो, तेव्हा थोडक्यात. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, सप्टेंबर २०२० मध्ये बंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून परत बंदी, मे २०२४ मध्ये अटी घालून उघडली, आणि राहिलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे हे मान्य. पण दुबई किंवा कोलंबोचा व्यापारी लासलगावच्या लिलावाची वाट पाहत बसत नाही. तो पाकिस्तानचा, चीनचा, इजिप्तचा कांदा घेतो, आणि एकदा घडी बसली की परत आपल्याकडे यायला किंमत पाडून मागतो. एका हंगामाची बंदी ही एका हंगामाची नसते. साठवणुकीची पक्की कांदाचाळ बांधायची की नाही, प्रतवारीचं यंत्र घ्यायचं की नाही, हे शेतकरी पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधून ठरवतो. दिल्ली कोणत्या दिवशी काय करील याचा अंदाज बांधता येत नसेल तर तो साध्या चाळीवरच थांबतो.

रुपया घसरला की निर्यात वाढते ना?

थोडी, आणि उशिरा. ६ जून १९६६ ला डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० वर नेला, निर्यात उसळली नाही. दुष्काळ होता आणि त्याच वेळी निर्यातीची अनुदानंही काढून घेतली होती. १९९१ मध्ये मात्र जुलैत दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं, त्याबरोबर परवान्यांचं जंजाळ तोडलं गेलं, आयातकर उतरू लागले, तेव्हा फरक पडला. नुसता भाव पाडून विकणारा, दुसरा त्याहून पाडेपर्यंतच टिकतो.

आयातीवर भरपूर कर लावला तर देशी उद्योग वाढून निर्यातही वाढेल?

१९३६ मध्ये अब्बा लर्नर या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलेली गोष्ट अजूनही लोकांना खोटी वाटते: आयातीवरचा कर हा फिरून निर्यातीवरच बसतो. चाकणच्या कारखान्याला बेअरिंगसाठीचं खास पोलाद बाहेरून महाग पडलं, तर त्याचा गिअरबॉक्स जर्मनीत महाग पडणार. शिवाय आतलाच बाजार बंदिस्त आणि किफायतशीर असला तर बाहेर जायचा त्रास घेणार कोण? कोरियानेही संरक्षण दिलं होतं, हे बरोबर. पण त्याबरोबर ‘इतक्या वर्षांत बाहेर विकून दाखव’ ही अट होती. आपण संरक्षण घेतलं, अट घेतली नाही.

१९९१ नंतर आपली वाढ निर्यातीमुळे झाली का?

काही अंशी. त्या वर्षी परकीय चलनाची गंगाजळी आटली, सोनं गहाण ठेवायला परदेशी पाठवावं लागलं, आणि दारं उघडली. देशाच्या उत्पन्नाशी तुलना केली तर मालाची आणि सेवांची मिळून निर्यात २०१३ च्या सुमारास साधारण एक चतुर्थांश होती. नंतर ती एक पंचमांशाच्या आसपास आली. २००३ नंतरची आपली सगळ्यात वेगवान वर्षं आणि निर्यातीची सगळ्यात जोरदार वर्षं जवळपास एकच आहेत, हे ‘आपण देशी मागणीवर वाढतो’ म्हणणाऱ्यांनी एकदा तपासून पाहावं.

सॉफ्टवेअरची निर्यात धरायची का?

अर्थात. २०२४-२५ मध्ये मालाची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर, तर सेवांची सुमारे ३८७ अब्ज. हिंजवडीत रात्री दहाला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी कॉलवर बसलेली मुलगी निर्यातदारच आहे, फक्त तिचा माल न्हावा शेव्यावरून जात नाही. शिकणं इथेही भरपूर होतं. अडचण एवढीच की या कामाला पदवी लागते. दहावी नापास झालेल्या लाखो मुलांना सामावून घ्यायला शिवणाचे, चामड्याचे, जोडणीचे कारखाने लागतात, आणि तिथे आपण बांगलादेश-व्हिएतनामच्या मागे राहिलो.

जग आता भिंती बांधतंय. आता निर्यातीच्या मागे लागण्यात अर्थ आहे का?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला तेव्हा कोळंबी, कपडे, दागिने, सगळीकडे घबराट झाली. २०२३ च्या अखेरीस सुएझच्याच वाटेवरच्या लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आमची द्राक्षं पुन्हा १९६७ सारखी आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशवंत मालाला जादाचे पंधरा दिवस म्हणजे काय ते बागाईतदाराला विचारा. दिवस कोरियाच्या त्या काळासारखे सोपे नाहीत.

पण जगाच्या मालनिर्यातीत आपला वाटा दोन टक्क्यांच्याही आतच आहे. आख्खा बाजार आकसला तरी दोनाचे तीन करायला जागा आहे. ज्याच्याकडे निम्मी बाजारपेठ आहे त्याने आकसण्याची चिंता करावी.

आकडे कुठे पाहायचे?

मालाचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दर महिन्याला येतात, ते कोलकात्याची डीजीसीआयएस ही सरकारी सांख्यिकी संस्था गोळा करते. सेवांचे रिझर्व्ह बँकेकडे. परीक्षेत लिहिताना आर्थिक वर्ष आहे की कॅलेंडर वर्ष, आणि मालच आहे की सेवाही, हे लिहिलं नाही तर गुण कापते.

मॅडम, ते सगळं ठीक, पण मला स्वतःला निर्यात सुरू करायची आहे. काय करू?

या पानाचा विषय हा नाही, पण सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. पॅनकार्ड आणि बँकखातं घेऊन डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर आयात-निर्यात कोड काढा, शुल्क ५०० रुपये. एजंटाला पाच हजार देऊ नका. शेतमाल असेल तर अपेडाची नोंदणी. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला पहिला माल उधारीवर पाठवू नका, पाठवलाच तर ईसीजीसी या निर्यातदारांचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा विमा काढा. आणि कंटेनर भरण्याआधी दहा किलोचा नमुना विमानाने पाठवून गिऱ्हाईक काय नावं ठेवतं ते नीट लिहून घ्या.